पेशीपटल ओलांडणारी पेप्टाइडे : संगणकाचे अनुमान आणि आपला विवेक

गेल्या वर्षी एका औषधविक्रेत्या स्नेह्यांच्या दुकानात प्रस्तुत लेखक बसला असताना एका कंपनीचे प्रतिनिधी तेथे आले. त्यांनी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची एक चित्रफीत दाखविली. रंगीत मण्यांची एक माळ तेलकट भिंतीजवळ येते, भिंत किंचित थरथरते, तिच्यात पाण्याची एक वाट उघडते आणि माळ सहज आत निघून जाते. "हे संगणकाने सिद्ध केले आहे. आमच्या मलमातील पेप्टाइड असेच थेट पेशीत शिरते," असे त्यांनी ठामपणे सांगितले. शेजारी बसलेल्या एका तरुण वैद्यांनी लगेच पुस्ती जोडली, "म्हणजे हे आपले योगवाही द्रव्यच की!" स्नेह्यांनी मात्र मालाची मागणी नोंदविण्यापूर्वी विचारले, "वैद्यराज, यातले खरे किती?"

त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. नंतर या विषयावरील मूळ शोधनिबंध मिळवून वाचले. त्या वाचनातून जे मत बनले ते व्यवसायबंधू-भगिनींपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ते मत असे की, अशी चित्रफीत हे प्रत्यक्ष नव्हे, ते अनुमान आहे. ते उच्च प्रतीचे, गणिताच्या आधाराचे अनुमान आहे, पण अनुमानच आहे. ज्यांनी ते केले त्या शास्त्रज्ञांनी त्याच्या मर्यादा लपविल्या नाहीत. मर्यादा गळून पडतात त्या प्रयोगशाळा आणि दुकान यांच्यामधल्या वाटेवर.

पटल आणि त्याचा अडसर

प्रत्येक पेशीभोवती एक अत्यंत पातळ पटल असते. गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी १९२५ मध्ये रक्तपेशींतील स्निग्ध द्रव्याचे मोजमाप करून हे पटल मेदरेणूंच्या दोन थरांचे असावे असा निष्कर्ष काढला. या मेदरेणूचे डोके पाण्याशी मैत्री करणारे असते आणि त्यात फॉस्फेटचा ऋणभारित गट असतो. त्याच्या शेपट्या मात्र तेलासारख्या, पाण्यापासून दूर राहणाऱ्या असतात. दोन्ही थरांची डोकी बाहेरच्या बाजूंना आणि शेपट्या आत, अशी ही रचना आहे. मधला स्निग्ध भाग जेमतेम ३ नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे तीन लाखाव्या भागाइतका. परंतु ज्या रेणूवर विद्युतभार आहे, त्याला तो डोंगरासारखा आडवा येतो. पाण्यात सुखाने राहणाऱ्या भारित रेणूला तेलात ढकलण्यासाठी फार मोठी ऊर्जा खर्ची पडते.

म्हणूनच प्रथिन स्वरूपाची बहुतेक औषधे पेशीच्या उंबरठ्यावरच थांबतात. इन्सुलिनचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. ते पेशीच्या बाह्य पृष्ठावरील ग्राहीला चिकटते आणि तेथूनच आपला निरोप आत धाडते. काम करण्यासाठी त्याला पटल भेदावे लागत नाही. परंतु ज्या औषधाचे कार्यक्षेत्रच पेशीच्या आत आहे, त्याने काय करावे?

एक आश्चर्य आणि त्यावरील पुनर्विचार

या प्रश्नाला १९८८ मध्ये अनपेक्षित दिशेने उत्तर मिळाले. फ्रँकेल आणि पाबो, तसेच स्वतंत्रपणे ग्रीन आणि लोवेनस्टाइन, यांना असे आढळले की एचआयव्ही विषाणूचे टॅट नावाचे प्रथिन पेशींच्या भोवतीच्या द्रवात सोडले तर ते आपोआप पेशीत पोहोचते आणि तेथे आपले कार्य करते. पुढे या प्रथिनाचा कोणता तुकडा प्रवेशास कारणीभूत आहे याचा शोध लागला. बहुधा वापरला जाणारा तुकडा केवळ ११ अमिनो आम्लांचा आहे. त्यांपैकी ६ आर्जिनिन आणि २ लायसिन, म्हणजे एकूण ८ धनभार. फळमाशीच्या एका प्रथिनातून १९९४ मध्ये पेनेट्रॅटिन हे १६ अमिनो आम्लांचे दुसरे पेप्टाइड मिळाले. अशा पेप्टाइडांना पेशीभेदी पेप्टाइडे म्हणतात. त्यांना एखादे औषध जोडले तर ते ओझेही त्यांच्याबरोबर आत जाईल, ही आशा त्यातून निर्माण झाली. १९९९ मध्ये टॅटचा तुकडा जोडलेले एक मोठे प्रथिन उंदराच्या अनेक अवयवांत, मेंदूतही, पोहोचल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि उत्साहाला उधाण आले.

विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या रेणूवर ८ धनभार आहेत, तो नियमानुसार तेलकट थरापाशी अडायला हवा. तो अडत नाही, हे कोडे होते. शिवाय सुरुवातीच्या निरीक्षणांत हा प्रवेश ४ अंश सेल्सिअस तापमानालाही होताना दिसत होता. त्या थंडीत पेशीची गिळण्याची क्रिया जवळजवळ थांबते. त्यामुळे पेप्टाइड ऊर्जेवाचून, थेट पटलातूनच जाते, असा समज दृढ झाला.

या समजाला धक्का दिला तो २००३ च्या एका शोधनिबंधाने. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पेशी रसायनाने स्थिर करण्याची पद्धत होती. या संशोधकांनी दाखवून दिले की, पेशी स्थिर करण्याच्या क्रियेतच पृष्ठभागावर चिकटलेले पेप्टाइड आत ओढले जाऊन केंद्रकात पोहोचते. म्हणजे जो प्रवेश पाहिला म्हणून सांगितले जात होते, तो काही अंशी पाहण्याच्या तयारीतूनच निर्माण झालेला होता. जिवंत पेशीत पाहिले असता पेप्टाइड मुख्यतः लहान लहान पिशव्यांत अडकलेले दिसले. पटल खोलगट होऊन बाहेरचा पदार्थ पिशवीत घालून आत घेते, त्या एन्डोसायटोसिस नावाच्या मार्गाने ते गेले होते. थंडीत आणि पेशीची ऊर्जा काढून घेतल्यावर हा प्रवेश घटला. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. या निबंधाच्या लेखकांत लेब्लू आणि व्हिव्हेस ही नावे आहेत. याच दोघांनी १९९७ च्या निबंधात टॅटचा तुकडा पटल ओलांडून केंद्रकात त्वरेने जमा होतो असे मांडले होते. स्वतःच्या निष्कर्षाची अशी जाहीर फेरतपासणी करणे सोपे नसते.

पिशवीत असणे आणि पेशीच्या अंतर्द्रवात असणे यांत मोठे अंतर आहे, हे औषधाच्या दृष्टीने ध्यानात घ्यावे. अन्नाचा घास पोटात गेला म्हणजे तो धातूंपर्यंत पोहोचला असे आपण म्हणत नाही. त्याचप्रमाणे पिशवीत बंद असलेले औषध तेथून निसटले नाही, तर ते बहुधा पेशीच्या पाचक रसांत नष्ट होते.

संगणकाची दृष्टी

सारेच पेप्टाइड पिशवीतून जाते, असेही ठामपणे म्हणता येत नव्हते. पुरेशी सांद्रता असेल तर थेट प्रवेशही होतो, अशी निरीक्षणे पुढे येतच राहिली. मग तो होतो कसा? ३ नॅनोमीटरच्या थरात क्षणार्धात घडणारी घटना अणुअणूंच्या तपशिलात दाखवील असा सूक्ष्मदर्शक नाही. येथे संगणकीय प्रतिरूपण, ज्याला सिम्युलेशन म्हणतात, ते उपयोगी पडते.

या पद्धतीच्या पायाभरणीत एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत ८६४ अणूंच्या द्रवरूप अरगॉनची हालचाल संगणकावर गणिताने उलगडून दाखविली. तत्त्व सरळ आहे. प्रत्येक अणूवर इतर अणूंचे किती बल आहे ते मोजायचे, त्यावरून तो पुढच्या क्षणी कोठे जाईल ते काढायचे, आणि हेच पुन्हा पुन्हा करायचे. प्रत्येक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचे असते. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. त्यामुळे केवळ १०० नॅनोसेकंदांचा काळ पाहण्यासाठी ५ कोटी पावले मोजावी लागतात आणि प्रत्येक पावलाला हजारो अणूंचा हिशेब करावा लागतो. इतका खटाटोप करूनही एक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाचेच दर्शन घडते.

२००७ मध्ये हेन्री हर्से आणि आंखेल गार्सिया यांनी टॅट पेप्टाइडाचे असे प्रतिरूपण प्रसिद्ध केले. त्यांच्या गणनेत चित्र असे दिसले : आर्जिनिनचे धनभारित टोक मेदरेणूच्या फॉस्फेटला घट्ट धरते. अनेक पेप्टाइडे एका ठिकाणी जमली की त्या जागी पटल पातळ होते. आर्जिनिनच्या काही भुजा पलीकडच्या थरातील फॉस्फेटकडे ओढल्या जातात, पाणी आत शिरते, क्षणिक छिद्र पडते आणि पेप्टाइडे त्या छिद्राच्या कडेने सरकत पलीकडे जातात. दुकानात पाहिलेली चित्रफीत याच कल्पनेची रंगीत आवृत्ती होती. लायसिनवरही धनभार असूनही आर्जिनिनयुक्त साखळ्या अधिक सहज आत जातात हे प्रयोगांत आधीच दिसले होते. फॉस्फेटला दोन हातांनी धरण्याची आर्जिनिनची ठेवण त्या फरकाचा उलगडा करते. या दृष्टीने प्रतिरूपणाने ज्ञानात मोलाची भर घातली, यात शंका नाही.

परंतु कथा येथे संपत नाही. २००९ मध्ये येसिलेव्हस्की, मारिंक आणि मार्क यांनी टॅट आणि पेनेट्रॅटिन या दोहोंचे प्रतिरूपण एका वेगळ्या मेदथरावर केले. त्यांना आपोआप पडणारे छिद्र दिसलेच नाही. पेप्टाइडांच्या समूहाने पटलाला बाक आला, मोठी विकृती झाली. त्यावरून त्यांनी असे सुचविले की, पटल वाकून लहान पिशवी तयार होणे हाच प्रवेशाचा मार्ग असावा. पेप्टाइडाला बाहेरून बल लावून आत ओढले तेव्हा मात्र छिद्र पडले. एका पेनेट्रॅटिनला पटलात घालण्यास लागणारी ऊर्जा त्यांनी सुमारे ७५ किलोज्यूल प्रति मोल अशी काढली. याचा अर्थ असा की, एकटे पेप्टाइड आपण होऊन आत जायचे तर निदान काही सेकंद ते काही मिनिटे लागावीत. गणना तर काही शे नॅनोसेकंदांचीच होती. आरंभीची मांडणी, पटलाचा आकार, त्याला स्थिरावण्यास दिलेला वेळ या गोष्टींनुसार प्रतिरूपणाचा निष्कर्ष किती बदलू शकतो, हेही त्यांनी त्याच निबंधात स्पष्टपणे लिहिले.

छिद्राची कल्पनाही निराधार ठरली नाही. त्याच २००९ साली हर्से आणि सहकाऱ्यांनी आर्जिनिनयुक्त पेप्टाइडांच्या सान्निध्यात पटलातून विद्युतप्रवाह वाहतो, असे प्रत्यक्ष मोजून दाखविले. पुढे २०१८ मध्ये अलोलिओ, युंगविर्थ आणि सहकाऱ्यांनी प्रतिरूपणाला सूक्ष्मदर्शकाच्या निरीक्षणांची जोड देऊन तिसरी शक्यता मांडली. तिच्यानुसार ही पेप्टाइडे पटलांच्या घड्या एकमेकींना चिकटवितात, त्या घड्यांच्या संयोगातून वाट तयार होते आणि त्या वाटेने पेप्टाइड आत जाते. एकाच प्रश्नाची तीन उत्तरे पाहून काही जण म्हणतील, "मग हा सारा संगणकाचा खेळच झाला." हा निष्कर्ष उतावीळपणाचा होईल. तिन्ही उत्तरांत काही गोष्टी समान आहेत : फॉस्फेटशी जवळीक, पेप्टाइडांच्या समूहाचा प्रभाव, आणि पटल निष्क्रिय भिंत नसून स्वतः वाकणारे, घडी पडणारे अंग आहे ही जाणीव. अनुमान एकदम सत्यापाशी पोहोचत नाही, ते पायरीपायरीने सुधारते. मतभेद उघडपणे मांडणे हे त्या सुधारण्याचे लक्षण आहे.

रुग्णापर्यंत पोहोचल्यावर

अखेर औषधाची परीक्षा रुग्णापाशी होते. टॅटचा तुकडा जोडलेले डेलकासर्टिब हे औषध तीव्र हृदयविकाराच्या झटक्यात तपासले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत हृदयस्नायूची हानी कमी झाल्याचे दिसले नाही. नेरिनेटाइड हे २० अमिनो आम्लांचे पेप्टाइड असून त्याचा पहिला भाग टॅटचा आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झालेल्या ११०५ रुग्णांवरील त्याच्या चाचणीचा निष्कर्ष २०२० मध्ये आला. एकूण रुग्णांचा विचार करता लाभ सिद्ध झाला नाही. गुठळी विरघळविणारे अल्टेप्लेज ज्यांना दिले नव्हते त्यांच्यात मात्र काही लाभ दिसला. याचे संभाव्य कारण उद्बोधक आहे. अल्टेप्लेजमुळे रक्तात प्लाझ्मिन हे विकर सक्रिय होते आणि प्लाझ्मिन या पेप्टाइडाचे तुकडे करते. म्हणजे पटलापर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाटेत किल्ली मोडत होती. मग अल्टेप्लेजसारखे औषध न दिलेल्या रुग्णांवर स्वतंत्र चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेथेही अपेक्षित लाभ सिद्ध होऊ शकला नाही.

पटल ओलांडण्याचे गणित कितीही सुंदर असले तरी रक्तातील विकरे, यकृत, वृक्क, काळ आणि मात्रा हे सर्व त्या गणिताच्या चौकटीबाहेर राहतात. शिवाय ही पेप्टाइडे आजारी पेशी आणि निरोगी पेशी यांत स्वतःहून भेद करीत नाहीत. जी किल्ली प्रत्येक कुलपाला लागते, तिच्याविषयी आनंदाइतकीच सावधगिरीही हवी.

आपण काय करावे?

आता त्या तरुण वैद्यांच्या उद्गाराकडे वळू. पेशीभेदी पेप्टाइड ओझे वाहून नेते आणि योगवाही द्रव्य आपल्याबरोबरच्या द्रव्याचे गुण वाहते, एवढ्या साम्यावरून एकाने दुसरे सिद्ध होते असे म्हणणे योग्य नव्हे. योगवाहित्वाचा विचार द्रव्याच्या गुणकर्मांच्या पातळीवरचा आहे. तो मेदथराच्या नॅनोमीटरविषयी काही सांगत नाही, आणि टॅटचा अभ्यास मधाविषयी काही सांगत नाही. दोहोंची सांगड घालून माहितीपत्रक आकर्षक होईल, पण दोन्ही शास्त्रांवर अन्याय होईल. चरकाचार्यांनी आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली. तिच्यात शिकलेल्या व्यक्तीने तरी अनुमानाला प्रत्यक्ष म्हणू नये.

मोजून दाखविलेल्या गोष्टींबाबतही शब्द जपून वापरावे लागतात. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यास मानवात कर्क्युमिनची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते असे नोंदविले. हा आकडा आज असंख्य डब्यांवर झळकतो. परंतु पिपेरिनवाचून कर्क्युमिनचे रक्तातील प्रमाण अत्यल्प होते, आणि अत्यल्पाच्या अनेक पटीही बेताच्याच असू शकतात, हे डब्यावर छापलेले नसते. रक्तात वाढणे, पेशीत शिरणे आणि रुग्ण बरा होणे या तीन निराळ्या पायऱ्या आहेत. पहिली चढली म्हणून तिसरी गाठली, असे होत नाही.

म्हणून औषधालय चालविणाऱ्या बंधू-भगिनींना नम्रपणे सुचवावेसे वाटते की, "पेशीत शिरणारे" असे म्हणून कोणतेही उत्पादन पुढे आले तर चार प्रश्न विचारावेत. पहिला : हे जिवंत पेशीत पाहिले की रसायनाने स्थिर केलेल्या? दुसरा : द्रव्य पेशीच्या अंतर्द्रवात मिळाले, पिशवीत मिळाले की पृष्ठभागावर चिकटलेले मिळाले? तिसरा : संगणकाचा आधार असेल तर किती काळाची गणना, कोणत्या मेदाचा थर, आणि रेणू आपण होऊन गेला की ओढून नेला? एका जातीच्या मेदाचा स्वच्छ थर आणि कोलेस्टेरॉल, प्रथिने व शर्करा यांनी भरलेले खरे पेशीपटल यांत फार अंतर आहे. चौथा : हेच उत्पादन, याच मात्रेत, याच मार्गाने रुग्णांना देऊन काय आढळले? मलमाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी असतात. जिवंत पेशीचे पटल ओलांडण्याआधी तो निराळा अडसर पार करावा लागतो. तोंडावाटे घेतलेल्या पेप्टाइडाची गाठ तर प्रथम जठरातील आणि आतड्यातील विकरांशीच पडते.

हेच प्रश्न आपण स्वतः तयार करीत असलेल्या कल्पांनाही विचारले पाहिजेत, अन्यथा ते केवळ दुसऱ्यांवर उगारलेले शस्त्र ठरेल. "सूक्ष्म असल्याने थेट पेशीत पोहोचते" असे वाक्य आपल्यापैकी कितीजणांच्या माहितीपत्रकात कोणत्याही मोजमापावाचून छापलेले आहे, याचा प्रत्येकाने शांतपणे विचार करावा. दुकानात येणारा रुग्ण शोधनिबंध वाचत नाही. तो वैद्याचा आणि दुकानदाराचा शब्द वाचतो, आणि त्या शब्दावर महिन्याच्या खर्चातील पैसे बाजूला काढतो. लेब्लू आणि व्हिव्हेस यांनी स्वतःच्या निष्कर्षाकडे पुन्हा पाहण्याचे धैर्य दाखविले. ते धैर्य आपल्या माहितीपत्रकापुरते दाखविणे आपल्याला अवघड वाटू नये.

वाचन झाल्यावर स्नेह्यांना हे चार प्रश्न एका कागदावर लिहून दिले. पुढच्या फेरीत प्रतिनिधी आले तेव्हा स्नेह्यांनी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. प्रतिनिधींनी प्रश्न उतरवून घेतले आणि कंपनीकडून उत्तर आणून देतो असे सांगितले. हा लेख लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. स्नेह्यांनी तो कागद गल्ल्याशेजारी काचेखाली ठेवला आहे, आणि त्या मलमासाठी मोकळी केलेली फळी अद्याप मोकळीच आहे.